आवाज बाहेर जात नाही

मी बोलतेय. दार ढकलून बघू नका, आत कोणी नाही. मीच बोलतेय, ही कोपऱ्यातली अरुंद खोली, जिच्या दारावर ‘फोनसाठी. आवाज बाहेर जात नाही’ अशी पाटी लावली आहे. पाटीकडे फार लक्ष देऊ नका. तिची गंमत पुढे सांगतेच.

जन्माने मी फोनची खोली नव्हे. मी एका तयार कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम. ज्या सुताराने मला बनवलं, त्याने दुकानाचे कप्पे करून उरलेलं प्लायवूड माझ्या वाट्याला दिलं. ते पुरलं नाही. म्हणून छताखाली वीतभर जागा मोकळी राहिली आणि दाराखाली चार बोटांची फट. “अहो, गिऱ्हाइकाला हवा नको का?” असं तो मालकांना म्हणाला, आणि मालकांनी मान डोलावली. लोक आपल्या कामचुकारपणाला किती छान कारणं देतात, हे मी जन्मल्या दिवशीच शिकले.

माझ्या आत एक उभा आरसा होता, अजूनही आहे. त्या आरशासमोर मी काय काय पाहिलं, विचारू नका. बाहेर मोठ्या रुबाबात बोलणारी माणसं आत आली, कडी लावली, की आधी पोट आत ओढत. मग श्वास रोखून पँटचं बटण लावत. बाहेरून बायको विचारायची, “होतेय का बरोबर?” आतून उत्तर, “एकदम बरोबर!” आणि बटण माझ्या कोपऱ्यात घरंगळत गेलेलं असायचं. अशी कित्येक बटणं मी पोटाशी धरली. एकदाही चुगली केली नाही.

पुढे लोक घरबसल्या फोनवरून कपडे मागवू लागले आणि आरशासमोर पोट ओढायला माझ्याकडे कोणी येईना. मालक थकले होते. दुकान बंद झालं. कप्पे गेले, हँगर गेले, दारातला हसरा पुतळाही कोणीतरी घेऊन गेलं. मी मात्र भिंतीला इतकी घट्ट ठोकलेली होते की मला काढायला आलेला माणूस हातोडी टेकून म्हणाला, “ही निघाली तर भिंत घेऊनच निघेल.” म्हणून मी राहिले.

मालकांची मुलगी, तिला सगळे ताई म्हणतात, तिने त्याच जागेत को-वर्किंग सुरू केलं. म्हणजे काय, तर नोकरीचा कंटाळा आला म्हणून जी माणसं घरी बसली, आणि मग घरच्यांना त्यांचा कंटाळा आला, त्यांना भाड्याने टेबल द्यायचं. मध्यभागी एक लांबलचक टेबल आलं, खुर्च्या आल्या, इंटरनेट आलं, खिडकीशी कॉफीच्या बिया दळायचा मिक्सर आला. आणि मला ताईने फोनची खोली केलं. आतून आवाज शोषणारा फोम चिकटवायला घेतला. दोन भिंती झाल्या, तिसरी अर्धी झाली आणि फोम संपला. माझ्या नशिबात प्रत्येक गोष्ट संपतेच. उरलेली भिंत नेमकी लांब टेबलाकडची. तिच्यावर ताईने डोंगराचं एक चित्र लावलं आणि दारावर ती पाटी.

मग ताईने स्वतःच माझी चाचणी घेतली. आत येऊन बहिणीला फोन लावला आणि नवरा घर सोडून गेल्याचं पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. पाटीवर तिचा स्वतःचा विश्वास होता ना! चांगली घसा फाडून रडली. नवऱ्याला अशा काही उपमा दिल्या की दुकानात इतकी वर्षं काढूनही मी तशा ऐकल्या नव्हत्या. बाहेर टेबलावर त्या वेळी एकच माणूस होता, आमचे हिशेबवाले काका. लोकांचे कर भरून देतात, बोलणं फटकळ, कोणाचं कौतुक करायचं तर त्यांच्या जिवावर येतं. ताई डोळे पुसून बाहेर आली आणि तिने विचारलं, “काका, काही ऐकू आलं?”

काकांनी मान वर केली नाही. “काय ऐकू येणार? आत होतीस का तू? मला वाटलं बाहेर गेलीस.”

इतकं सरळ खोटं मी ट्रायल रूमच्या काळातही ऐकलं नव्हतं. पण ताईचा चेहरा उजळला. आणि तिथून आमच्याकडे ती पद्धत पडली.

पद्धत अशी की या खोलीतून आवाज बाहेर जात नाही. जातो, अगदी खोकल्याच्या उबळीसकट जातो, पण जात नाही. आत कोणाचं बोलणं वाकड्या वाटेला लागलं, आवाज चढला किंवा कापरा झाला, की बाहेर काका उठतात आणि मिक्सर लावतात. कॉफी कोणाला नको असली तरी. शिवाय टेबलावर भाषांतरवाल्या बाई असतात. यंत्रांच्या माहितीपुस्तिका त्या आपल्या भाषेत आणतात. त्या लगेच हातातलं वाक्य मोठ्याने वाचायला घेतात, “कपडे भरण्यापूर्वी दार नीट लागल्याची खात्री करा!” अशा भरल्या गळ्याने वाचतात की वाटावं, कपडे धुण्याचं यंत्र नाही, कोणाचं तरी लग्न मोडतंय. आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी जी पोरगी आहे, चित्रवाली, ती आपला पेन्सिलींचा डबा जमिनीवर पाडते. रोज पाडून पाडून तो डबा पार चेपून गेलाय.

नव्याने येणाऱ्याला कोणी हे सांगत नाही. तो पहिले काही दिवस माझ्यात येऊन बिनधास्त बोलतो. मग एक दिवस तो टेबलावर बसलेला असताना दुसरा कोणीतरी आत जातो, आणि याला सगळं ऐकू येतं. तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपण आत काय काय बोललो, ते आठवत आठवत तो कानापर्यंत लाल होतो. मग काका मिक्सर लावतात, आणि त्याला सगळं उमगतं. त्यानंतर तो एक तर निघून जातो, नाही तर कायमचा आमचा होतो. गेलेले थोडे, राहिलेले जास्त.

हे सगळं सुरळीत चालू असताना ॲपवाला आला.

पोरगा वाईट नव्हता हो. मित्राबरोबर भागीदारीत कसलंसं ॲप बनवत होता. लोकांनी एकमेकांच्या वस्तू वाटून वापराव्यात म्हणून ते ॲप, आणि स्वतःचा चार्जर मात्र कोणाला हात लावू द्यायचा नाही. डोक्यावर कानभर मोठे हेडफोन. सकाळी लावले की संध्याकाळी उतरवायचे. त्यामुळे टेबलावर बसून त्याला कधी काही ऐकूच आलं नाही. आमच्या पद्धतीचा त्याला पत्ताच नव्हता. आम्हा सगळ्यांना तो ‘टीम’ म्हणायचा. काकांना पहिल्यांदा टीम म्हणाला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलंय म्हणून.

याच सुमाराला रस्त्यापलीकडे दुसरं को-वर्किंग उघडलं. चकचकीत. काचेच्या केबिनी, निळे दिवे, झोपाळ्यासारख्या खुर्च्या. आपली जागा जुनाट दिसते, माणसं तिकडे जातील, असं ताईला वाटू लागलं. ॲपवाल्याने तिला धीर दिला. म्हणाला, “ताई, खुर्च्यांनी काही होत नाही. समूह मूल्यांवर उभा राहतो. आपली मूल्यं कोणती, ते आधी ठरवू या.”

मग झाली कार्यशाळा. सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि आपल्याला जपावंसं वाटणारं मूल्य लिहायला सांगितलं. काकांनी लिहिलं, ‘कप धुवा.’ बाईंनी लिहिलं, ‘एसी कमी करा.’ चित्रवालीने मांजर काढलं. ॲपवाल्याने त्या चिठ्ठ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यातून त्याने मूल्यं काढली: नावीन्य, नेतृत्व आणि नितळपणा. मांजरातून नेतृत्व कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांचा एक मोठा तक्ता झाला आणि तो बरोबर माझ्या समोरच्या भिंतीवर लागला. दिवसभर मी आणि नितळपणा एकमेकांकडे बघत बसायचो.

नितळपणा काही नुसता भिंतीवर थांबला नाही. ॲपवाला एके दिवशी माझ्यावर टकटक करून म्हणाला, “ताई, हे खोकं काढू या. किती कळकट दिसतं! इथे काचेची केबिन करू. आरपार दिसेल आणि आवाज खरोखर बंद.”

“आवाज तर आत्ताही बंदच आहे,” बाई पटकन म्हणाल्या.

“हो हो, पण काच वेगळीच ना मावशी. आपल्या मूल्यांशी जुळते.”

ताईला ते पटत होतं, दिसत होतं मला. रस्त्यापलीकडचे निळे दिवे तिच्या डोळ्यांत भरले होते. शुक्रवारी सगळ्यांनी बसून ठरवायचं असं ठरलं. या वेळचा माणूस हातोडी टेकून परत जाणार नव्हता. भिंतीसकट काढायचीही तयारी होती. खरं सांगते, मी घाबरले. लोकांनी मला कळकट म्हटल्याचं मला काही नाही, मी आहेच कळकट. पण काचेच्या खोलीत रडायला कोण जाईल? आरपार दिसत असताना पोट कुठे आत ओढायचं?

त्याच आठवड्यात ॲपवाला एका सकाळी माझ्यात आला. दार लावलं, हेडफोन गळ्यात उतरवले आणि त्याच्या भागीदार मित्राचा फोन घेतला.

“अरे, असं कसं सोडतोस?” एवढं पहिलं वाक्य मला आठवतं. मित्राला पक्की नोकरी मिळाली होती. तो आधीच हो म्हणून बसला होता. ॲपवाला आधी समजुतीने बोलला, मग चिडला, मग म्हणाला, “ठीक आहे रे, तुझंही बरोबर आहे,” आणि फोन ठेवला. लगेच त्याच्या आईचा फोन आला. त्याने आरशात बघून चेहरा नीट केला. कानाला लावायच्या फोनसाठी चेहरा नीट करणारी माणसं मला नेहमीच आवडत आली आहेत.

“हो आई, एकदम मस्त चाललंय. नाही गं, सर्दी झालीय थोडी. जेवतो वेळेवर. हो, तो पण मजेत आहे.”

मग तो माझ्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि रडला. हुंदके देऊन. नाक शिंकरायला खिशात हात घातला तर कार्यशाळेच्या उरलेल्या रंगीत चिठ्ठ्या निघाल्या. त्यांत शिंकरलं. मला त्याची दया आली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

बाहेर काका पहिल्या हुंदक्यालाच उठले होते. मिक्सर इतका वेळ चालला की जळका वास सुटला. बाई त्या दिवशी फ्रीजच्या पुस्तिकेवर होत्या, “बर्फ साचल्यास चाकूने खरवडू नये!” असं त्यांनी तीनदा ठणकावलं. पेन्सिलींचा डबा पडला, मग पुन्हा पडला. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याला वाटलं, बाहेर नुसता गोंधळ आहे. तोंड धुऊन, हेडफोन चढवून तो जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. काका त्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाले, “अरे, त्या तुझ्या ॲपमध्ये माझं नाव घाल बघू. माझ्याकडे एक शिडी पडून आहे. कोणाला हवी तर नेऊ दे.” बाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला, “एवढं मला संपत नाही, घे.” रोज संपत होतं. चित्रवाली म्हणाली, “तुझ्या ॲपला चित्रं हवीत ना? तुझा जोडीदार काही काढत नसेल तर मी काढते,” आणि जोडीदार हा शब्द उच्चारल्याबद्दल बाईंनी टेबलाखालून तिला लाथ मारली.

ॲपवाला भारावून गेला. ताईला म्हणाला, “बघा! तक्ता लावून आठवडा नाही झाला आणि माणसं कशी बदलली! मूल्यांची ताकद आहे ही.”

“हो ना,” ताई म्हणाली. काकांना ठसका लागला.

मला इतका राग आला होता म्हणून सांगू! या माणसांनी जे केलं त्याचं श्रेय तो कागद घेऊन बसला होता, आणि त्याच कागदापायी मला उखडणार होते.

गुरुवार उजाडला. काका कोणाच्या तरी कचेरीत गेले होते, चित्रवाली प्रकाशकाकडे, ताई वीजवाल्यांच्या मागे. टेबलावर फक्त ॲपवाला आणि बाई. दुपारी त्याच्या हेडफोनची बॅटरी संपली आणि चार्जर तो घरी विसरला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो या जागेत उघड्या कानांनी बसला. त्याच वेळी बाई उठून माझ्यात आल्या.

बाईंचा हा रोजचा फोन असतो, त्यांच्या वडिलांना. वडील दूर थोरल्या भावाकडे राहतात आणि त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मुलगी बोलतेय म्हटलं की चिडतात, तोतया म्हणून फोन ठेवून देतात. एकच माणूस त्यांना पक्का आठवतो, त्यांच्या जुन्या ग्रंथालयाची ग्रंथपाल, जिच्याशी त्यांचं जन्मभर भांडण होतं. म्हणून बाई रोज ग्रंथपाल होतात.

“नमस्कार, ग्रंथालयातून बोलतेय. तुमच्याकडचं पुस्तक अजून आलेलं नाही.”

फोन स्पीकरवर असतो, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं म्हणून तो ओरडतो. “पुन्हा तुम्ही? परत केलंय मी ते!”

“आमच्याकडे नोंद नाही.”

“मग तुमची नोंद गाढव आहे!”

अशी झकास जुंपते. भांडता भांडता बाई विचारून घेतात, “जेवलात का? गुडघा कसा आहे?” तो खेकसतो, “ग्रंथपालाला माझ्या गुडघ्याशी काय करायचंय?” पण सांगतो. बाई हसत बाहेर येतात. एरवी या फोनला मिक्सर लागत नाही.

त्या दिवशी भांडण मध्येच थांबलं. म्हातारा एकदम हळू आवाजात म्हणाला, “बाई, तुम्ही निदान रोज फोन तरी करता. मला एक मुलगी आहे. ती कधीच करत नाही.”

बाईंनी तोंडावर हात दाबला. आरशात त्यांनी स्वतःकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी भिंतींचीच बनलेली, भिंतीसारखी उभी राहिले, दुसरं काय करणार होते? फोनवर ऐकू जाईल असं तोंड असतं तर त्या म्हाताऱ्याला ओरडून सांगितलं असतं.

“करेल,” बाई कशाबशा म्हणाल्या. “कामात असेल. करेल हो.” आणि दाबलेला हुंदका बाहेर पडलाच.

माझ्या दाराखालच्या फटीतून मला टेबलाखालचे पाय दिसतात. छताखालच्या मोकळ्या जागेतून बाकीचं सगळं दिसतं. ॲपवाल्याचे पाय थिजले होते. मग एक पाय हलला, थांबला. त्याला सगळं कळत होतं, एकेक करून. खोलीतून आवाज येतो. म्हणजे त्याचाही गेला होता. तो भागीदार, ती आई, ती सर्दी. डबा पुढे सरकला होता तो त्याचमुळे, शिडीही त्याचमुळे. आणि मिक्सर. मिक्सर कशाला लागतो ते त्याला त्या क्षणी कळलं असणार, कारण तो खुर्ची मागे पाडत उठला. मला वाटलं, आता हा दाराबाहेर पळतो. पळणारे असेच उठतात.

तो मिक्सरकडे धावला. मूठभर बिया टाकल्या आणि बटण फिरवलं. घाईत झाकण लावायचं राहिलं.

काय सांगू तुम्हाला! बिया छतापर्यंत उडाल्या. काकांच्या खुर्चीवर, संगणकांवर, ताईच्या कुंडीत, सगळीकडे कॉफी. नितळपणाच्या तक्त्यावर तर असा सडा पडला की अक्षरं शोधावी लागली. आणि हा पठ्ठ्या बटण सोडायला तयार नाही. एका हाताने तोंड झाकून, दुसऱ्या हाताने बटण धरून उभा, आणि मोठ्याने ओरडतोय, “कपडे भरण्यापूर्वी दार नीट लागल्याची खात्री करा! कपडे भरण्यापूर्वी दार नीट लागल्याची खात्री करा!” त्याला ते एकच वाक्य आठवत होतं, कधीतरी हेडफोनमधूनही शिरलेलं.

आत बाईंनी डोक्याला हात लावला आणि डोळ्यांत पाणी असतानाच हसू लागल्या. फोनवर म्हातारा विचारत होता, “कसला गोंगाट आहे हो तुमच्या ग्रंथालयात?”

“नवीन मुलगा आलाय,” बाई म्हणाल्या. “चांगला आहे. शिकेल.”

त्या बाहेर आल्या तेव्हा तो मान खाली घालून टेबल पुसत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाईंनी दुसरं फडकं घेतलं आणि त्या तक्ता पुसू लागल्या. पुसला जाईना, तेव्हा सोडून दिला.

शुक्रवारी सगळे टेबलाभोवती जमले. ताईने काचवाल्याने दिलेली चित्रं मांडली आणि ॲपवाल्याला म्हणाली, “तूच सांग सगळ्यांना.”

तो उभा राहिला. हेडफोन गळ्यातच होते. माझ्या प्लायवूडला घाम फुटायचा बाकी राहिला होता.

“मी विचार केला,” तो म्हणाला, “आणि मला वाटतं, आहे ती खोली ठेवावी. मी स्वतः खात्री केलीय. तिच्यातून आवाज अजिबात बाहेर येत नाही.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अजिबात नाही,” ते म्हणाले.

“छे, टाचणी पडली तरी नाही,” बाई म्हणाल्या.

“आत कोणी आहे की नाही तेच कळत नाही,” चित्रवाली म्हणाली.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने काकांकडे पाहिलं. ताई त्या टेबलावर रोज बसते. तिला पहिल्या वर्षीच सगळं कळलं होतं, आणि काकांनी त्या दिवशी काय काय ऐकलं असेल, हेही. त्यांना ती एका शब्दाने कधी बोलली नव्हती. तिने चित्रांची गुंडाळी केली.

“मलाही कधी काही ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “कॉफी कोण घेणार?”

तर अशी मी अजून उभी आहे. समोरचा तक्ताही आहे. ॲपवाल्याने नावीन्य आणि नेतृत्वावर कागद चिकटवून तिथे ‘कप धुवा’ आणि ‘एसी कमी करा’ असं लिहिलंय, आणि चित्रवालीचं मांजरही लावलंय. नितळपणा कॉफीखाली दिसत नाही, म्हणून तो कोणी काढला नाही. ॲपवर एकुलती एक शिडी आहे. ती बाईंनी दोनदा उगाचच नेली. ॲपवाल्याने आईला मित्राचं खरं सांगितलं, माझ्यातच उभं राहून, आणि बाहेर मिक्सर चालू होता. रस्त्यापलीकडे आमच्यातला कोणी गेला नाही. उलट तिकडचा एकजण परवा इथे जागा विचारायला आला. तो लवकरच माझ्यात येऊन मनसोक्त बोलेल.

तुम्हीही या कधी. माझी विनंती एवढीच की माझ्या फटी बुजवू नका, कोणी फुकट फोम दिला तरी नको. टेबलावर बसलात आणि माझ्यातून कोणाचा आवाज कापरा झालेला ऐकू आला, तर मिक्सर खिडकीशी आहे, बिया शेजारच्या बरणीत.

झाकण तेवढं आधी लावा.